शंभर टक्के कामात

पडद्यावर शंभर टक्के आलं आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"गेलं, आई. प्रोसेसर पार भरला."

"मग उपट ती पिन," मी म्हणाले आणि उपटायला उठलेही. तिने माझा हात धरला.

सदाशिव पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत साधा कॉम्प्युटर ठेवून सून आसपासच्या विद्यार्थ्यांना नेट द्यायची. सगळ्यांचं नेट त्या एका डब्यातून वाटलं जायचं. त्याला ती राउटर म्हणायची. घरोघरी इंटरनेट तेव्हा नुकतंच येत होतं. चांगली नोकरी सोडून तिने हे धरलं होतं. मी चौथी शिकलेली, पण खोली माझी, त्यामुळे सगळं विचारायचा हक्क माझा.

डबा रोज संध्याकाळी अडकायचा. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मागच्या गल्लीतल्या एका वसतिगृहातलं. त्याचे मालक सकाळीच येऊन गेले होते.

"काकू, तुमचं नेट म्हणजे आमच्या वरच्या मजल्याचं पाणी. नळ आहे, एवढंच समाधान. आज अडकलं तर उद्या दुसऱ्याची वायर."

ते गेले असते तर धंदाच गेला असता.

म्हणून दुपारी एक ते चार, पेठ झोपलेली असताना, सुनेने पद्धत बदलली. आधी माहितीचा तुकडा आला की वायरी जिथे लागतात ते नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारायचं. संध्याकाळी हाका इतक्या की ओ देण्यातच त्याचा जीव जायचा, काम तसंच. आता हाका बंद. प्रोसेसरनेच ठरल्या वेळी कार्डाकडे बघायचं, काही आलंय का. हाताला काम नसेल तर सारखंच बघायचं. आणि बदल केला तर हे शंभर टक्के.

"आत्ता वापरतंय कोण?" ती स्वतःशीच म्हणाली. वाकून तिने नेटच्या सगळ्या वायरी काढल्या. तरी शंभर! ती हसायलाच लागली.

"अहो आई, हा रिकामा आहे! नुसता कार्डाकडे बघत बसलाय आणि तेच काम म्हणून दाखवतोय."

"सरकारी नोकरीत होता काय आधी?"

पण मग खरा भार कळायचा कसा? तिने त्याला एक मोठी आकडेमोड लावून दिली. नेटचं काम आधी, त्यातून उरलेल्या वेळात आकडेमोड, आणि रिकामं बघत बसणं सगळ्यांच्या शेवटी. वायरी काढलेल्या असताना आकडेमोड किती वेळात होते ते बघून ठेवलं. मग वायरी लावल्या. आता आकडेमोड जितकी रेंगाळेल तितका डब्यावर भार.

संध्याकाळी पोरं खोल्यांवर आली. आकडेमोड रेंगाळली. मी गॅस बंद करून पडद्यासमोरच बसले. झाली! पुन्हा लावली, आणखी रेंगाळली, पण झाली! म्हणजे डब्यात अजून दम होता. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी मी टाळी वाजवली.

दारात मालक उभे.

"चालतंय म्हणतात पोरं. कुणाची दृष्ट लागली होती?"

"तुमचीच. उतरली आता," मी म्हणाले.

त्यांनी वायर बदलली नाही. धंदा पुढे बरीच वर्षं चालला. ते गृहस्थ आता नाहीत. डबा भंगारात गेला. मी आहे आणि सून आहे.