मोड आलेल्या नऊ पुरचुंड्या

एका माणसाने दुसऱ्याला किती वेळा हादरवावे, याचा विक्रम इथे आखातात, इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांच्या नावावर आहे. देरा बाजारातल्या एका डाळींच्या कंपनीसाठी ते मलावीतून तूर खरेदी करतात. वर्षातले पाच महिने तिथल्या एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांत, सात महिने आमच्या समोर. पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून पुडी काढली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि सांगितले, "तीन वर्षं नुसता मका घेतलाय हिच्यात." मी हातातला चहा खाली ठेवला. पुढे आमच्या भाज्यांच्या साली ते मागून नेऊ लागले. त्यांच्या बाल्कनीत खताच्या सहा बादल्या आहेत, मी मोजल्यात, आणि वास अजिबात येत नाही, हा आणखी एक धक्का. जेवायला बोलावले तर नुसत्या भाताकडे ते दुःखाने बघत. मक्याच्या ओळींत तूर, खाली चवळी, कडेला भोपळा. तुरीचा पाला गळतो आणि जमीन पोसली जाते, हे त्यांनी ताटावर बोट ठेवून आमच्या हिला इतक्यांदा समजावले आहे की ती आता भोपळ्याची भाजी मुद्दाम कडेला वाढते.

गेल्या जुलैत ते रीतसर कागद करून नऊ पुरचुंड्या घेऊन आले. तिथल्या एका आजींकडे चवळी-घेवड्याच्या नऊ जुन्या जाती आहेत. त्यांच्या गावात सगळे बियाणे एका छपराखाली ठेवत नाहीत, निम्मे शेजाऱ्याकडे असते. आजींनी यंदा शेजारी म्हणून यांना निवडले आणि यांनी आमचा फ्रीज.

आजींची गोष्ट मला सांगितली होती, पण ती मी विसरलो होतो आणि पुरचुंड्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या हिने ठेवून घेतलेल्या. सप्टेंबरात ही आठवडाभर पुण्याला गेली आणि मी फ्रीज आवरायला काढला. काही वाया गेलेले मला खपत नाही. उरलेसुरले कडधान्य समजून मी नऊही पुरचुंड्या एकाच पातेल्यात भिजवल्या आणि मोड आणायला फडक्यात बांधून नळाला टांगल्या. मुलगी म्हणाली, "डॅड, आर यू शुअर?" मी शुअर होतो.

रविवारी सकाळी ते आले आणि दारातच उभे राहिले. आजींच्या घरातले बियाणे कीड लागून पोकळ झाले होते. तिथल्या पेरणीच्या पावसाला दोन-अडीच महिने उरले होते. "आता जे काय आहे ते तुमच्या फ्रीजमध्ये."

मी नळाकडे बोट दाखवले. त्यांनी फडके सोडले आणि एक दाणा उचलून त्याचा मोड उजेडात धरून पाहिला.

"शिजवलं नाहीत ना?"

"नाही."

"मग खलास नाही झालं, भाऊ. मोड आलेत म्हणजे जीव आहे. यल्ला, चला, बादल्या उचला."

रंग आणि आकार बघून आम्ही दुपारपर्यंत दाणे निवडत होतो. दोनशे सोळा भरले. सहा बादल्यांत लावले, उन्हाला माझी चादर बांधली. नोव्हेंबरअखेर शेंगा वाळल्या तेव्हा नवांपैकी सात जाती हाती आल्या. उरलेल्या दोन माझ्या हातून गेल्या, हे आजींना सांगा, असे मी त्यांना बजावले.

त्यांनी फोनवर सांगितले. मग माझ्यासमोर सातही जातींचे दोन सारखे वाटे केले आणि एक वाटा परत आमच्या फ्रीजमध्ये ठेवला. मी नको म्हणालो.

"आजी म्हणतात, शेजारी तोच ठेव. आता तो विसरणार नाही."

दुसरा वाटा घेऊन ते मलावीला गेले, आणि अजून परतलेले नाहीत. साली आम्ही त्यांच्यासाठी साठवतो. दूध काढताना मी रोज पुरचुंड्या मोजतो. सात भरतात, आणि बोट पुढच्या दोन शोधत राहते.