दिनकरचा प्रोग्राम कच्चा नव्हता

दिनकरच्या फोटोला हार घालायला आज आमचे एचओडी सर आले. मी तो हार त्यांच्या हातातून काढून घेतला.

सगळ्या स्टाफसमोर. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

दिनकर जाऊन आज वर्ष झालं. आम्ही जबलपुरात एकाच लॅबमध्ये शिकवायचो. त्याने मोटरच्या लहान होड्या बनवल्या होत्या. प्रत्येक होडी फक्त शेजारणीची दिशा विचारायची आणि थोडी तिच्याकडे वळायची. एवढ्यावर थोड्या वेळात सगळ्या एका दिशेने निघायच्या.

हुकूम देणारं कुणी नाही.

सर तेव्हा म्हणाले, "लीडर तो होना ही चाहिए, दिनकरजी."

दिनकर हसला. "काहून पाहिजे, सर? शेजाऱ्याचं ऐकलं तरी पुरते न."

पाहुण्यांसमोर डेमो होता, नर्मदेच्या ग्वारीघाटावर. त्याआधी सरांनी एक होडी लीडर म्हणून आपल्या मर्जीने सेट करवली. ती कुणाचं ऐकणार नव्हती.

बाकीच्या बिचाऱ्या ऐकणाऱ्या. तिच्याकडे वळत वळत सगळ्याच घाटाच्या पायऱ्यांवर आदळल्या.

सर पाहुण्यांना म्हणाले, "दिनकरजी का प्रोग्राम कच्चा निकला."

मी उठलो. "सर, आपकी वाली किसी की सुन ही नहीं रही थी."

"आप बैठिए."

बाकी स्टाफने एकमेकांकडे पाहिलं आणि सगळे गप्प राहिले. त्यांचंही एकमत झालं.

दिनकरची लॅब गेली. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, "अरे, कच्चे प्रोग्राम को भी दो भाई!" तो हसून कप घ्यायचा. घरी वहिनींशी दोन दोन दिवस बोलायचा नाही.

तो शिक्का घेऊनच गेला.

म्हणून आज श्रद्धांजलीआधी मी त्याच होड्या कॉलेजच्या हौदात सोडल्या. आधी दिनकरच्या पद्धतीने. गुमान एका दिशेने गेल्या.

मग एक होडी बहिरी केली, सरांनी केली होती तशी. सगळ्या भिंतीवर.

"अब बताइए सर, कच्चा क्या था?"

"आज के दिन ये सब शोभा देता है?"

"आजच देतं," मी म्हणालो, आणि हार घेतला.

दिनकरच्या मुलीला मराठी कळतं, बोलता येत नाही. तिने विचारलं, "काका, मतलब पापा सही थे?"

"हो बेटा. पहिल्या दिवसापासून."

ती तिथेच खाली बसून रडली. सर गाडीकडे निघून गेले.

संध्याकाळी नर्मदामैयाच्या आरतीला गेलो. रोज सगळ्यांसाठी हात जोडतो. आज सरांना वगळलं. मैया समजून घेईल.

दिनकर, आता शांत झोप, भाऊ. तुला माझा नमस्कार.