येथे चुकू नका

मरोळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मॅन्युअल लिहायचे. प्रोग्राम कसा वापरायचा हे गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत सांगायचं, एवढंच काम. प्रत्येक भागाच्या शेवटी माझं एक सदर असे, 'येथे चुकू नका'. त्यासाठी मी सपोर्टच्या मुलींशेजारी बसून गिऱ्हाइकांचे फोन ऐकायचे. लोक कुठे अडकतात ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

मग नवा साहेब आला, माझ्यापेक्षा बराच लहान. त्याने एक टूल आणलं. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड द्यायची, की ते कोड वाचून आमच्या टेम्प्लेटमध्ये माहिती भरतं आणि मॅन्युअल तयार. टेम्प्लेट अर्थात मीच बनवायचं होतं. माझीच वाक्यं घेऊन, मधल्या जागा रिकाम्या सोडून, मी ते इमानेइतबारे बनवलं. 'येथे चुकू नका'च्या खाली टूल काय भरणार, असं विचारलं तर साहेब म्हणाला, "मॅडम, ते नंतर बघू ना."

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा व्हायची. त्या वर्षी टूलच्या मशीनला झेंडूचा हार घातला. वयाने मी मोठी, म्हणून हळदकुंकू मीच लावावं असा आग्रह झाला. मी लावलं, पेढेही वाटले. पुढच्याच आठवड्यात साहेबाने केबिनमध्ये बोलावून सांगितलं की लेखकाची पोस्ट आता राहिलेली नाही. बोलत इतका गोड होता की समोरचा पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडावर ओतावासा वाटला. त्याऐवजी मी थँक्यू म्हणून बाहेर आले. त्या थँक्यूचा राग अजून जात नाही.

आता नाहूरला घरीच शिकवण्या घेते. परवा सपोर्टमधल्या मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, मॅन्युअलमध्ये पानोपानी 'येथे चुकू नका' येतंय आणि खाली सगळं कोरं. गिऱ्हाइकं विचारतायत, कुठे चुकू नका? वाट लागलीय यार. जुन्या फायलीही त्या टूलने पुसून टाकल्यात. साहेब म्हणतोय, तुझ्याकडे जुना मजकूर आहे का?"

मजकूर मला तोंडपाठ आहे.

"त्या मशीनला विचारा," मी म्हटलं. "कुंकू लावलंय मी तिला."

फोन ठेवला. बरं वाटेल असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या साहेब थोडाच खाणार आहे. सपोर्टच्या त्या मुलीच खाणार.