पिशवी मोकळी व्हायला लागणारे दोन दिवस

रोह्याच्या कंपनीत मी आठ वर्षं प्लास्टिकचा फुगा फुगवला. दाणे वितळवायचे, हवा भरून घराएवढा उंच फुगा वर चढवायचा, मग दाबून सपाट करायचा, की झाली पिशवीची फिल्म. फिल्मला नुसतं बोट लावून मी तिची कुंडली सांगायचो. निदान चारचौघांत तसं म्हणायचो तरी.

माझी थोरली बहीण पेणला रामवाडीत राहायची आणि पोह्यांच्या गिरणीत आमच्याच कंपनीच्या पिशव्या भरायची. एका आजारपणात तिचा डावा हात अधू झाला होता. दोन तळव्यांत चोळून पिशवीचं तोंड मोकळं करणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती उजव्या हातात पिशवी धरून फुंकर मारायची. तिथल्या सगळ्याच बायका फुंकायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग गिरणीला मोठं गिऱ्हाईक मिळालं, बायकांच्या तोंडाला फडकी आली आणि फुंकणं बंद झालं. बाकीच्या चोळू लागल्या. ताई नुसत्या उजव्या अंगठ्याने उघडायला बघायची, ती मागे पडू लागली. नवरा गेल्यापासून तिचं घर या कामावर चालत होतं. शिवाय आपण अजून कामाच्या आहोत, हे तिला रोज तिथेच पटायचं.

"तुमच्या पिशव्या चिकटतात रे," ती एकदा म्हणाली. "का माझा उजवा हातपण गेला, कळत नाय."

"हाताला काय झालं नाय. मी बघतो," मी म्हटलं.

उपाय मला ठाऊक होता. कंपनीत मेणासारखे पांढरे बारीक मणी यायचे. मोहरीच्या जातीच्या तेलातल्या आम्लापासून केलेलं ते अमाइड नावाचं रसायन. दाण्यांत थोडं मिसळलं की फिल्म गुळगुळीत होते, एकीवरून दुसरी सरकते. शंभर किलो दाण्यांना आमच्याकडे दोन मुठी पडायच्या. त्या शिफ्टला मी कुणाला न विचारता तीन घातल्या आणि मशीनवरून उतरलेली फिल्म चोळून पाहिली. चिकट. आणखी दोन मुठी घातल्या. तरी चिकट. मग मी इरेला पेटलो. किती मुठी गेल्या, ते आज सांगत नाही. शिफ्ट सुटल्यावर त्याच फिल्मच्या कोऱ्या पिशव्यांचं बंडल घेऊन एसटीत बसलो.

ताईने पिशवीच्या तोंडावर उजवा अंगठा सरकवला. पिशवी उघडेना. दुसरी नाही, तिसरीही नाही.

"ह्याच्यापेक्षा मोकळी पिशवी होतच नाय," मी छातीठोकपणे सांगितलं.

"म्हंजे हातच," ती म्हणाली. बंडल फळीवर ठेवून ती चहा टाकायला उठली.

तिसऱ्या दिवशी कंपनीत माझं बोलावणं आलं. त्या दिवशीच्या मालावरची छपाई बोटाने पुसली जात होती आणि पिशव्यांचे सील उकलत होते. लॅबमधल्या मॅडमनी फिल्मचा तुकडा माझ्या हातात दिला. तो बोटांत ठरेना.

"घरी दही लावता ना?" त्यांनी विचारलं. "विरजण घातल्यावर दर दहा मिनिटांनी आणखी घालता का?"

मग त्यांनी समजावलं. हे अमाइड प्लास्टिकमध्ये मुरून बसत नाही. फिल्म थंड झाली की ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर धरतं. त्याला एक-दोन दिवस लागतात. ताजी फिल्म चिकटणारच. आणि जास्त घातलं तर पुढे शाई धरत नाही, सीलही धरत नाही. त्या आणखी बरंच बोलल्या, मला वाटतं ओरडल्याही. माझं लक्ष रामवाडीतल्या फळीवर होतं. आठ वर्षं मी गरम फिल्मला बोट लावून शहाणपण सांगितलं होतं. तीच फिल्म दोन दिवसांनी कशी लागते, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मिळेल ती एसटी धरून पेणला गेलो. एरवी गिरणीत असायची त्या वेळेला ताई घरी तांदूळ निवडत बसली होती. आदल्या सकाळी तिने गिरणीच्या शेटना आपणहून सांगितलं होतं, हात चालत नाय, दुसरी बाई बघा. त्यांनी त्याच दुपारी बघितली होती.

मी फळीवरचं बंडल काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने वरच्या पिशवीवर अंगठा टेकवला, आणि पिशवीचं तोंड उघडलं. दुसरी उघडली. तिसरी. ती एकामागून एक पिशव्या उघडत गेली, भराभर, फडकं लावलेल्या बायकांना जमणार नाही इतक्या भराभर. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"हात चांगला व्हता की रे माझा," ती म्हणाली. "मीच शेटशी खोटं बोलले."