वसंताच्या नावावर निघालेला माझा कॅन्सर

मला कॅन्सर असल्याची बातमी सगळ्यात आधी माझ्या मित्राला कळली, आणि तीही तो त्यालाच झालाय अशी.

त्या सकाळी वसंता आमच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हॉस्पिटलमधून फोन आला होता. त्याच्या रक्तातलं पीएसए फार वाढलंय, लगेच येऊन भेटा. "भिया, माझं तो निपट गया, संपलं सगळं," एवढं आमच्या इंदुरी मराठीत बोलून तो खुर्चीत बसला. माझी बायको सुनंदा त्याला पाणी द्यायला धावली. घाम मात्र मला फुटला होता, कारण ते रक्त वसंताचं नव्हतं. माझं होतं.

हा घोळ कसा झाला ते सांगतो. वसंता आणि मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये शेजारशेजारच्या मागांवर होतो. मिलमध्ये कोणी आला नाही की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. आम्हा दोघांना तो लागत नसे. त्याला उशीर झाला की त्याचे माग मी सांभाळायचो, मला काम निघालं की माझे तो. पुढे मिल बंद पडली. बाजार खुला झाला तसे जवळच्या पीथमपूरला नवे कारखाने आले, त्यातल्या एकात मी लागलो. वसंताने शहराबाहेर राऊला किराणा दुकान टाकलं. सवय मात्र म्हातारपणापर्यंत टिकली.

तर आमच्या कॉलनीत पुरुषांसाठी तपासणी शिबिर लागलं होतं. वसंताला सुईची जाम भीती. तो रांगेतून सटकायला लागला तेव्हा मी त्याचं कूपन घेतलं, दुसऱ्या टेबलावर गेलो आणि दुसरा हात पुढे केला. मग दोघांनी मोठा पराक्रम केल्यासारखे पोहे-जलेबी खाल्ले.

मला हॉस्पिटलचा फोन दुपारी आला. आकडा अर्थातच तोच.

पीएसए म्हणजे काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. ती जे एक प्रथिन बनवते, ते पीएसए. ग्रंथी नुसती वाढली किंवा सुजली तरी आकडा चढतो, म्हणून आकडा बघून लगेच हातपाय गाळू नका. उलट त्रास नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. मला काहीच दुखत नव्हतं. लघवीला वरचेवर जावं लागायचं, ते मी वयावर ढकललं होतं.

डॉक्टर सांगलीचे, तरुण, इंदूरला नवीनच आलेले. मी मान खाली घालून सगळा प्रकार सांगितला. ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग म्हणाले, "काका, दोन नळ्या, दोन नावं, आकडा एकच. म्हणजे लॅबची चूक असेल, ही आशा तुम्हाला ठेवता येणार नाही. आणि वसंतकाकांची तपासणी अजून झालेलीच नाही."

वसंता सुटलो म्हणून खूश झाला, पण रक्त द्यायचं नाव काढेना. मी रागावलो, सुनंदाने समजावलं, तो विषय बदलायचा. माझ्या दुखण्यापेक्षा त्याच्या हट्टाचाच मला जास्त घोर लागला.

माझा एमआरआय झाला, मग बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या आतच होता. काहींचा इतका संथ असतो की नुसती नजर ठेवली तरी चालतं. माझा त्यातला नव्हता. रेडिएशन घ्या किंवा ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नेहमीचं किंवा रोबोटिक.

रोबोट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. नवी मशीन आली की माणूस घरी बसतो, हे मी पीथमपूरलाही पाहिलं होतं. मी विचारलं, मशीनवर कोण उभा असतो?

"मीच. उभा नाही, बसलेला," डॉक्टर म्हणाले. "ती स्वतःहून सुईसुद्धा उचलत नाही. हात माझेच असतात. मला आतलं मोठं दिसतं आणि हाताचा कंप तिथवर पोचत नाही, एवढंच."

कॅन्सर निघून जाण्याच्या दृष्टीने दोन्ही ऑपरेशनं जवळपास सारखीच, रोबोटमध्ये रक्त कमी जातं, हेही त्यांनी लपवलं नाही. ते मला पटलं, रोबोटिकच करायचं ठरवलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. मी ठणठणीत आहे. ऑपरेशननंतर लावलेली लघवीची नळी काढल्यावर काही दिवस ताबा नव्हता, पॅड लावून फिरलो. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम करून तो परत आला. नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टर सांगतात. तेव्हा लाजू नका, दोघांनी मिळून विचारा. सुनंदानेच विचारलं, मी छताकडे बघत होतो.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेताना वसंता स्ट्रेचरला धरून चालत होता. दारापाशी त्याला थांबवलं.

शुद्धीवर आलो तेव्हा तो पलंगाशी बसला होता. एक बाही वर सरकलेली, कोपरात कापसाचा बोळा.

"बाहेर बसून करू काय?" तो म्हणाला. "हे काम तो मला तुझ्या जागी करता येत नव्हतं. मग खाली लॅबमध्ये गेलो. सुई टोचताना डोळे मिटून तुझं नाव घेतलं."

त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टर माझे टाके बघायला आले होते. मी म्हटलं, आधी त्याचं सांगा. त्यांनी कागद पाहिला आणि सगळं ठीक आहे म्हणाले. वसंता माझ्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. पोटाला ताण पडत होता तरी मीही रडलो. त्या खोलीत कॅन्सर मला झाला होता, पण त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या इंदुरात नव्हता.