बुकातली किंमत

काही धंद्यांतले किस्से हसवतात. आमच्या धंद्यातले डोकं फिरवतात. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा येतो, आणि चहा संपेपर्यंत माझा आवाज चढलेला असतो. बायको म्हणते, "बाहेरच्या लोकांना वाटेल आपलं भांडण चाललंय." भांडणच आहे. फक्त समोर माणूस नाही, पुस्तक आहे.

घोडबंदरच्या वाटेवर माझं गॅरेज आहे. जुन्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करतो. दोन सीट, बुटकी बॉडी, मालकाचा जीव अडकलेला, अशा गाड्या. पत्र्याचं काम काशिनाथकाका करतात. खारी गावातले, साठीचे, बोलतात कमी. आणि गिऱ्हाइकाबरोबर येतं ते बुक. जुन्या गाड्यांच्या किमतींचं पुस्तक, दरवर्षी निघतं, आता मोबाइलवरही आहे. गाडी टाका, साल टाका, कंडिशन टाका, की किंमत हजर. लोक पंचांगासारखं मानतात.

*

शांती नगरचे एक साहेब लाल गाडी घेऊन आले. बँकेतली नोकरी, आयुष्यभराची हौस. आल्या आल्या म्हणाले, "बुकात एक्सलंट कंडिशनची जी किंमत आहे, बरोबर तेवढ्यालाच घेतली. एक रुपया जास्त नाही दिला."

काकांनी खिशातून चुंबक काढलं. पत्र्याला ते चिकटतं, पोचे बुजवायला भरलेल्या पुट्टीला चिकटत नाही. दाराला लावलं, खाली पडलं. मडगार्डला लावलं, खाली पडलं. बॉनेटवर ठेवलं ते घसरत गेलं.

"काका, म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"म्हंजे रंग एक्सलंट हाय," काका म्हणाले. "पत्रा न्हाय."

साहेब अर्धा तास स्टुलावर बसून होते. मला संताप आला तो याचा, की 'एक्सलंट' हे ठरवलं कोणी? विकणाऱ्यानं. आणि त्यावर शिक्का कोणाचा? बुकाचा. ज्यानं ती गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही त्याचा.

*

आमच्या भागात जुन्या गाड्यांचे दलाल आहेत, महेंद्रभाई. गोड माणूस. त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दोन बुकं असतात. एक यंदाचं, एक चार वर्षांपूर्वीचं. मुखपृष्ठं फाडलेली, त्यामुळे कुठलं कुठल्या सालचं ते फक्त त्यांनाच कळतं.

कोणी आलं की ते ड्रॉवरला हात लावायच्या आधी प्रेमानं विचारतात, "बोलो, गाडी लेवानी छे के वेचवानी?"

मी एकदा तोंडावर बोललो, "भाई, घेणाऱ्याला एक बुक, विकणाऱ्याला दुसरं, ही फसवणूक आहे."

ते शांतपणे म्हणाले, "मैंने तो एक शब्द नहीं बोला. जो बोला, बुकने बोला."

*

एके दिवशी बुकाच्या ऑफिसातूनच फोन आला. तरुण पोरगी, बोलायला नम्र. म्हणाली, "सर, नवीन आवृत्ती करतोय. काही गाड्यांचे भाव कन्फर्म करायचे होते."

मी विचारलं, "तुम्ही भाव काढता कुठून?"

"ऑनलाइन जाहिरातींवरून सर. सरासरी काढतो."

एक पिवळी गाडी तीन वर्षं जाहिरातीत आहे, हे मला माहीत होतं. कारण ती माझ्याच अंगणात उभी होती. मालक भाव सोडत नव्हता, म्हणून कोणी घेत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, ज्या किमतीला गाडी विकली जात नाही, ती किंमत तुम्ही छापताय. ज्या विकल्या गेल्या त्यांची जाहिरात दुसऱ्या दिवशी निघून जाते. त्यांचा भाव तुमच्याकडे येतच नाही."

ती म्हणाली, "हो सर. पण काहीतरी छापावं लागतं ना." आणि तिनं एका गाडीचं नाव घेतलं. देशात मोजून थोड्या उरल्यात अशी. "हिची एकही जाहिरात मिळाली नाही. तुम्ही अंदाजे सांगा ना."

समोर इंजिन उघडं पडलेलं, हात तेलानं माखलेले, डोकं तापलेलं. तोंडात आला तो आकडा सांगितला आणि फोन ठेवला. विचार केला नाही. खूप कमी सांगितला होता.

तसाच छापून आला.

*

ती गाडी परबांकडे होती. माझे जुने गिऱ्हाईक. भंगारातून उचललेली, आठ वर्षं दर रविवारी माझ्याकडे येऊन स्वतःच्या हातानं उभी केलेली. परब गेल्या वर्षी वारले. मी गणपतीला रत्नागिरीला गेलो होतो, परत आलो तर परबवहिनी गॅरेजमध्ये पेढे घेऊन उभ्या.

"भाऊजी, गाडी दिली हो. तुम्ही गावाला होतात, म्हणून महेंद्रभाईंना विचारलं. पण मी अशी नाही दिली. बुक बघूनच दिली."

आकडा सांगितला. माझाच आकडा.

त्यांनी पेढा पुढे केला. मी खाल्ला.

त्या गेल्यावर काका म्हणाले, "सांगितलास का न्हाय त्यांना?"

अजून वहिनींची बिल्डिंग आली की मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

*

गेल्या पावसाळ्यात भरतीच्या वेळी खाडीचं पाणी गॅरेजात शिरलं. घरत सरांची गाडी बुडाली. सर शाळेत पीटी शिकवायचे, रिटायर झाले तेव्हा घेतलेली. फायबर बॉडीची, आपल्याच देशात बनलेली, फारशी कोणी न पाहिलेली. चार दिवस सर स्वतः टूथब्रशनं गाळ काढत होते.

विम्याचा सर्व्हेअर आला. स्वतःची गाडी त्यानं आत अंगणात लावली. फोटोला उजेड हवा म्हणाला, म्हणून आम्ही सरांची गाडी ढकलत फाटकात नेली. त्यानं फोटो काढले, टॅब उघडला, बुकात शोधलं. पुन्हा शोधलं.

"सर, ही गाडी बुकात नाहीये. बुकात नसेल तर सिस्टीम व्हॅल्यू घेत नाही. म्हणजे क्लेमच्या दृष्टीनं ही गाडी अस्तित्वातच नाही."

घरत सरांनी ब्रश खाली ठेवला. आवाज न चढवता विचारलं, "मग अकरा वर्षं हप्ता कुठल्या गाडीचा घेत होतात?"

"ते डिपार्टमेंट वेगळं आहे, सर."

त्यानं रिपोर्टवर काहीतरी लिहिलं, टॅब बंद केला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. स्टार्ट केली. मग काच खाली करून काकांना म्हणाला, "काका, फाटकातली गाडी जरा बाजूला घ्या ना. मला निघायचंय."

काकांनी फाटकाकडे पाहिलं. फडक्याला हात पुसले.

"कंची गारी?"