बोल्टवरचा आकडा

सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या घरून मी ज्या नेमबाजी क्लबात जायचो, तिथलं शस्त्रागार एक पन्नाशीचा चिनी गृहस्थ सांभाळायचा. गळ्यात टॉवेल, बोलणं मोजकं. बंदुकीची किंमत विचारली की म्हणायचा, "आधी बघू, मग बोलू, अंकल." त्याची एक रीत होती. घेणाऱ्याने बंदुकीवरचे क्रमांक मोठ्याने वाचायचे आणि तो ते वहीत लिहायचा. "पैसे तुमचे, तर डोळेही तुमचेच."

माझा मित्र सुधाकर कायमचा पुण्याला निघाला होता. त्याची जुनी स्विस लष्करी रायफल मी घेत होतो. नळी, मागचा सरकता बोल्ट आणि मॅगझिनवर एकच क्रमांक असेल तर पूर्ण किंमत, नाहीतर बरीच कमी. तिन्ही क्रमांक जुळत होते. तरी बोल्टवरचा शेवटचा आठ मी तीन असा वाचला.

"म्हणजे बोल्ट बदललेला आहे का रे?" सुधाकरने विचारलं.

"दिसतंय तरी तसंच."

त्याने वाकून पाहिलंही नाही. उतरलेल्या किमतीत रायफल देऊन तो गेला.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा शस्त्रागारवाल्याने ती साफ करून ठेवली होती. वहीतला तीन खोडून तिथे आठ लिहिला होता. त्यानंतर माझ्या वेळी क्रमांक तो स्वतः वाचायचा, अगदी गोळ्यांच्या खोक्यावरचासुद्धा, आणि पेन माझ्याकडे सरकवायचा.

कितीतरी वर्षं मी त्याच्यासमोर खरे आकडे लिहीत राहिलो. सुधाकरला मात्र आज पहिल्यांदा लिहितोय, की बोल्ट मूळचाच होता.